भाकरी सोडू नका, तेलाच्या डब्यावर तारीख टाका: वजन आटोक्यात आणायची क्रमवार रीत

वजन कमी करायचं ठरलं की मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत एकाच सोमवारी तीन गोष्टी सुरू होतात. रात्रीची भाकरी बंद, सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध, आणि पहाटे पाचला उठून पाच किलोमीटर चालणं. पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली दिसतो. त्यातलं बरंचसं पाणीच असतं, पण घरभर कौतुक होतं. तिसऱ्या आठवड्यात गुडघा धरतो, भुकेनं चिडचिड वाढते, कुणाचं तरी लग्न निघतं आणि महिनाभरात पहिले पाढे पंचावन्न.

अशा वेळी लोक स्वतःच्या मनाला बोल लावतात. गोंधळ बहुतेक वेळा क्रमाचा असतो. तेल, शेंगदाण्याचा कूट आणि साखर यांना कुणी हात लावत नाही आणि ताटातल्या सगळ्यात साध्या पदार्थावर, ज्वारीच्या भाकरीवर, कुऱ्हाड पडते. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच घ्या. एक अंगवळणी पडला की मग पुढचा.

सुरू करण्याआधी: डॉक्टरांना आधी कोणी विचारायचं

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी साखरेची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. खाणं कमी झालं आणि डोस तोच राहिला, तर रक्तातली साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणं. बीपीच्या गोळीचंही तसंच. वजन उतरल्यावर डोस बदलावा लागू शकतो, पण तो स्वतःच्या मनानं बदलायचा नाही.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि १८ वर्षांखालची मुलं यांनी वजन उतरवण्यासाठी खाणं कमी करू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर टप्पा ५ मधलं प्रथिनांचं गणित तुमच्यासाठी नाही. चालताना छातीत दाब येत असेल किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागत असेल तर आधी तपासणी, मग चालणं.

सावधान: काहीच न करता वजन उतरत असेल तर खूश होऊ नका. सोबत दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा संध्याकाळचा बारीक ताप असेल तर टीबीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. शिवाय साखर आणि थायरॉईडही बघा.

टप्पा १: मोजमाप

लागणारं सामान थोडकं आहे: वजनकाटा, शिंप्याकडचा टेप, वही, ५ मिलीचा चमचा आणि स्वयंपाकघरातला छोटा काटा. छोटा काटा नसेल तर किराणा दुकानात एकदा कूट, पीठ आणि डाळ तोलून घ्या आणि घरच्या वाटीत त्यांची खूण करून ठेवा.

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. काटा फरशीवर सपाट ठेवा, सतरंजीवर नको. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, त्याच काट्यावर. आज घरी, उद्या मेडिकलवर आणि परवा बसस्टँडवरच्या नाणं टाकायच्या मशीनवर असं मोजलेलं वजन काहीच सांगत नाही.

आता कंबर. पँट बांधतो तिथे टेप लावायचा नाही. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या मधोमध टेप ठेवा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. भारतीय माणसासाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही इशाऱ्याची रेघ आहे.

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा. तो काढायला किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागा. आपल्याकडच्या लोकांसाठी १८.५ ते २२.९ ठीक, २३ पासून जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा असं धरतात. इंटरनेटवरचे कितीतरी तक्ते २५ पर्यंत सगळं आलबेल दाखवतात. ती युरोप-अमेरिकेतली मापं. आपल्या शरीरात पोटाभोवतीची चरबी कमी वजनालाच साचते आणि मधुमेहही लवकर गाठतो.

उदाहरण घेऊ. उंची १६२ सेंटिमीटर, वजन ७४ किलो. बीएमआय येतो २८ च्या थोडा वर. तक्त्याप्रमाणे या माणसानं ६० किलोवर यायला हवं. पण वहीत पहिलं उद्दिष्ट लिहायचं ते ७० किलोचं. सुरुवातीच्या वजनाच्या ५ टक्के उतरले तरी साखर आणि रक्तदाबावर फरक दिसू लागतो, आणि आठवड्याला अर्धा किलो या वेगानं ७० किलो दोन-अडीच महिन्यांत गाठता येतं. ६० हा आकडा भिंतीवर लावला की माणूस पंधरा दिवसांत उपाशी राहायला लागतो.

तपासणी: वहीत चार गोष्टी आल्या का? तारीख, वजन, कंबर, पहिलं उद्दिष्ट.

टप्पा २: तीन दिवस फक्त लिहायचं

काहीही बदलू नका. दोन साधे दिवस आणि एक आठवडी बाजाराचा किंवा सुट्टीचा दिवस निवडा. तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लगेच लिहा. रात्री आठवून लिहिलेल्या वहीत अर्ध्या गोष्टी नसतात.

‘दोन भाकरी, भाजी, चटणी’ एवढं लिहून भागत नाही. चटणीवर तेल ओतलं का, किती चमचे? चहा किती वेळा, साखर किती? लेकराच्या ताटात उरलेला भात कोणी संपवला? ओट्याजवळ उभ्यानं खाल्लेली शेंगदाण्याची मूठही लिहा. घरातल्या बाईच्या वहीत ही उभ्यानं खाल्लेली नोंद हमखास निघते, कारण सगळ्यांचं झाल्यावर ती जेवते आणि तोवर भूक मारायला काहीतरी तोंडात टाकलेलं असतं.

तिसऱ्या रात्री वही उघडून तेल, कूट-शेंगदाणे, साखर आणि तळलेलं यांच्याखाली लाल रेघ मारा. लाल रेघा भाकरीपाशी क्वचितच सापडतात.

टप्पा ३: तेलाचा डबा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात कमी लोक इथून सुरुवात करतात. म्हणून जरा सविस्तर.

नवा डबा फोडाल त्या दिवशी त्यावर मार्करनं तारीख टाका. समजा घरात चार मोठी माणसं आहेत आणि १५ किलोचा डबा दोन महिन्यांत संपतो. १५ हजार ग्रॅमला चार माणसं आणि साठ दिवसांनी भागा: माणशी रोज साधारण ६२ ग्रॅम. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे रोज साडेपाचशेहून जास्त कॅलरी एकट्या तेलातून. बैठं काम करणाऱ्याला दिवसाला २० ते २५ ग्रॅम तेल पुरतं. त्या हिशोबानं तोच डबा पाच ते सहा महिने जायला हवा. (डब्यावर किलो लिहिलंय की लिटर तेही बघा, १५ लिटरच्या डब्यात तेल साधारण साडेतेरा किलोच असतं.)

दोन महिन्यांचा डबा एकदम सहा महिन्यांवर न्यायला गेलात तर घरात भांडण होईल. आधी तीन महिने, मग चार, असं सरका.

१. दर रविवारी आठवड्याचं तेल एका बाटलीत काढा. चार माणसांना शेवटी पाऊण लिटरवर यायचं आहे. सुरुवात सव्वा लिटरनं करा आणि दर आठवड्याला थोडं कमी करत जा. तळण याच बाटलीतून करायचं, वेगळं नाही.

२. फोडणीला बाटली वाकडी करायची नाही, चमच्यानं मोजायचं. चार माणसांच्या भाजीला ५ मिलीचे तीन ते चार चमचे पुरतात. कांदा करपायला लागला की तेलाऐवजी पाण्याचा हबका मारा.

३. वांगी, दोडका, गवार, भेंडी अशा भाज्या झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवा. ही आजीच्या काळची रीत आहे आणि तेल वाचवायला तिच्यासारखी दुसरी नाही.

४. आमटीला घट्टपणा येसरानं, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसालेदार पिठानं आणा. कूट घालायचाच तर चार माणसांत दोन मोठे चमचे. रस्सा केला तर वर आलेली तर्री डावानं बाजूला काढून ठेवा. दुसऱ्या दिवशीच्या फोडणीला तीच वापरा.

५. चटणीवरचं कच्चं तेल मोजून, माणशी एक छोटा चमचा.

हा पाचवा मुद्दा लोकांना जड जातो, कारण शेंगदाण्याच्या नाहीतर कारळाच्या चटणीत खळगा करून त्यात करडीचं तेल सोडल्याशिवाय आपल्याकडे भाकरी उतरत नाही. घास मोडताना बघा: ओतलेल्या तेलाला जेवणाच्या मध्यावर तळ लागतो आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. तेवढ्यात तीन-चार चमचे झाले, दीडशे कॅलरी झाल्या. चटणीत तेलाऐवजी दही कालवून बघा. पहिले चार दिवस कुरकुर होते, मग जमतं.

नेहमीची चूक: ‘घाण्याचं आहे, करडीचं आहे, हृदयाला चांगलं आहे’ म्हणून हात सैल सोडणं. घाण्याचं असो, डब्यातलं असो की साजूक तूप, चरबीच्या प्रत्येक ग्रॅमला कॅलरी ९ च.

शेंगदाण्याचंही जवळपास असंच. १०० ग्रॅममध्ये ५०० हून जास्त कॅलरी असतात. पौष्टिक आहेत, वाद नाही, पण दिवसाला एक छोटी मूठ. कूट, चटणी आणि फुटाण्यांत मिसळलेले दाणे असं सगळं मिळून ती मूठ मोजायची.

तपासणी: दोन आठवड्यांनी बाटलीवरची खूण बघा. तेल कमी झालं नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा ४: चहा, साखर, बाटलीतलं पेय

एका चमच्यात ५ ग्रॅम साखर, २० कॅलरी. दोन चमच्यांचा चहा दिवसातून पाच वेळा घेतला तर ५० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना २५ ग्रॅमच्या आत राहा असं सुचवते. साखर एकदम बंद करू नका, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. टपरीवर कट घ्या, फुल्ल नको. गुळाच्या चहाचं सध्या फार पेव फुटलंय; गुळाच्या कॅलरी साखरेच्या जवळपासच आहेत. मध-लिंबूपाण्यानं चरबी वितळत नाही, उलट एक चमचा मधाची भर पडते.

चहासोबतचे खारी, टोस्ट, बिस्किटं वेगळ्या ओळीत लिहा. ताक, साधं पाणी, बिनसाखरेचं लिंबूपाणी चालेल. ताकात मीठ बेतानं. दिवसभरातलं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे एक छोटा चमचा.

दारूबद्दल थोडक्यात: ६० मिलीला १३० ते १४० कॅलरी, आणि चकना वेगळा.

टप्पा ५: ताट कसं भरायचं

आता भाकरी. एका मध्यम भाकरीला ६० ते ७० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे २०० ते २३० कॅलरी. ज्वारीत तंतू भरपूर, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, पण कॅलरीच्या बाबतीत ज्वारी आणि गहू उन्नीस-बीस. ‘ज्वारीनं वजन उतरतं’ असं ऐकून दोनाच्या चार भाकरी करणारेही आहेत. त्यांचं वजन वाढतं आणि दोष ज्वारीला जातो.

वाढायचा क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा अर्धं ताट भाजी आणि कच्चं. मेथी, चुका, शेपू, तांदुळजा, करडीची किंवा हरभऱ्याची कोवळी भाजी, मुळा, गाजर, काकडी, वाळूक. अंबाडीवर लसणाची खमंग फोडणी ओतताना बाटलीतलं तेल आठवा. बटाटा भाजीत धरायचा नाही, तो भाकरीच्या वाट्यात.

दुसऱ्यांदा पाव ताट प्रथिनं. मोड आलेल्या मटकीची उसळ, घट्ट वरण, पिठलं, अंडी, दही, चिकन. आपल्याकडे लातूरसारखी डाळीची बाजारपेठ आहे आणि घरात वरण मात्र इतकं पातळ, की वाटीचा तळ दिसतो. माणशी एका वेळेला निदान ३० ग्रॅम कच्ची डाळ किंवा कडधान्य धरा. त्यात साधारण ७ ग्रॅम प्रथिनं मिळतात.

शेवटी उरलेल्या पाव ताटात भाकरी, पोळी किंवा भात. तिन्ही एकदम नाही. तीन भाकरी खात असाल तर आधी अडीच करा, मग दोन. शेतात अंगमेहनत करणाऱ्याला जास्त लागतील आणि त्यानं त्या खाव्यात. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्यानं त्याच्याशी बरोबरी करू नये.

वजन उतरवताना शरीराच्या दर किलोमागे साधारण १ ग्रॅम प्रथिनं मिळाली तर स्नायू टिकतात. ६० किलोच्या माणसाचं गणित असं: दोन भाकऱ्यांतून १३ ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरण-उसळीतून १४, दोन अंड्यांतून १२, अर्धा लिटर दूध-दह्यातून १६. झाले ५५. अंडी चालत नसतील तर २५ ग्रॅम कोरडे सोयाबीनचे वडे भिजवून, पिळून भाजीत घाला, तेवढीच भरपाई होते. मराठवाड्यात शिवारच्या शिवार सोयाबीननं भरलेलं असतं आणि ते घरच्या ताटात मात्र क्वचित दिसतं, याचं मला नवल वाटतं.

नेहमीची चूक: रात्रीचं जेवण सोडून देणं. साडेअकराला भूक लागते, फरसाणाचा डबा उघडतो, आणि जेवणात गेल्या असत्या त्याहून जास्त कॅलरी पोटात जातात. साडेसात-आठच्या सुमाराला थोडं पण नीट जेवा.

सावधान: बाईनं १२०० आणि पुरुषानं १५०० कॅलरींच्या खाली डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जाऊ नये. केस गळणं, पाळी चुकणं, सतत थंडी वाजणं असं सुरू झालं तर खाणं वाढवा. जेवणाऐवजी घ्यायची पावडर, घाम आणणारे पट्टे, नाव-पत्ता नसलेल्या ‘आयुर्वेदिक’ गोळ्या यांच्या वाटेला जाऊ नका.

टप्पा ६: चालणं आणि ताकद

७० किलोच्या माणसानं अर्धा तास झपाझप चालून १२० ते १५० कॅलरी खर्च होतात. कांदाभज्यांच्या एका प्लेटमध्ये त्याच्या दुप्पट सहज असतात. म्हणून व्यायाम सहाव्या क्रमांकावर. पण तो टाळायचा नाही: उतरलेलं वजन पुन्हा चढू द्यायचं नसेल तर व्यायामासारखा आधार नाही, आणि साखर, रक्तदाब, झोप यांना त्याचा फायदा काटा हलो न हलो होतोच.

पहिले दोन आठवडे रोज १५ मिनिटं. पुढे दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत ३० ते ४० मिनिटांवर या. आठवड्याचं गणित किमान १५० मिनिटं. वेग असा हवा की सोबत्याशी बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत सकाळी सातच्या आत घरी परत या. जाताना पाणी पिऊन जा. डोकं दुखणं, मळमळ, घाम थांबणं यांतलं काही झालं तर लगेच सावलीत बसा, अंगावर पाणी घ्या आणि बरं वाटलं नाही तर दवाखाना गाठा. पावसाळ्यात काळ्या मातीत चपला रुतायला लागल्या की गच्चीवर किंवा घरातच फेऱ्या मारा. अंधारात हायवेच्या कडेनं चालू नका. शाळेचं मैदान, कॉलेजचा परिसर, देवळाचं आवार बघा. नाइलाजानं रस्त्यानंच जायचं तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेनं, फिक्या रंगाचे कपडे घालून. मधुमेह असेल तर अनवाणी चालायचं नाही. पायाच्या जखमा कळत नाहीत आणि चिघळतात.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम. जिमची गरज नाही:
१. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, १० वेळा.
२. भिंतीला हात टेकून जोर, १० वेळा.
३. पाच लिटरचा पाण्याचा कॅन एका हातानं उचलून कमरेपासून छातीपर्यंत ओढणं, दोन्ही हातांनी १०-१० वेळा.
४. पाठीवर झोपून कंबर वर उचलणं, १० वेळा.
हे सगळं दोनदा. सोपं वाटायला लागलं की तिसरी फेरी, मग भिंतीऐवजी ओट्याच्या कडेला हात टेकून जोर.

नेहमीची चूक: कधीकाळी तालमीत शंभर बैठका मारायचो म्हणून पन्नाशीत, ८५ किलोच्या देहानं, पहिल्याच दिवशी पन्नास मारणं. पुढचे तीन आठवडे मग जिना चढतानाही कठडा लागतो.

‘माझं शेतातलं काम हाच व्यायाम’ हे खुरपणी-कापणीच्या दिवसांत खरं आहे. मोटारसायकलवर बांधापर्यंत जायचं, ट्रॅक्टरवाल्याला सांगायचं आणि परत यायचं, हे त्यात बसत नाही. आणि झोप: सात तास. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी भूक किती वाढते ते वहीत लिहून बघा.

टप्पा ७: उपवास, पंगत, सप्ताह

एकादशी, दुप्पट खाशी, ही म्हण उगीच नाही पडली. एका बशीतल्या साबुदाण्याच्या खिचडीचा हिशोब बघा: ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, तीन चमचे तूप. साडेचारशेच्या आसपास कॅलरी, आणि प्रथिनं सांगण्यासारखी तेवढी कुटातलीच. त्यावर बटाट्याचे वेफर्स, चिक्की आणि संध्याकाळी फराळ. उपवास धरायचाच तर वाटीभर भगर, दही, काकडीची कोशिंबीर, एक पेरू किंवा मोसंबी, ताक, दूध. खिचडी हवीच असेल तर अर्धी बशी. रमजानमध्ये इफ्तारला खजूर, पाणी, फळं झाल्यावर थोडं थांबा आणि भजी-समोसे दोनांवर ठेवा. सरबतात साखर अर्धी.

गावात हरिनाम सप्ताह असला की सात दिवस पंगती आणि शेवटी काल्याचा महाप्रसाद. लग्नसराईत तर एका दिवसात दोन-दोन ठिकाणी हजेरी. जेवायचं नाही असं ठरवून जाऊ नका, ते कुणाला जमत नाही. घरून काकडी किंवा फुटाणे खाऊन निघा. पहिल्या वाढपात भाजी, वरण, एक पुरी आणि गोड एकदाच घ्या. वाढप्या दुसऱ्यांदा आला की पत्रावळीवर आडवा हात धरा आणि थोडी भाजी मागा. नुसतं ‘नको’ म्हटलं की आग्रह वाढतो. ‘भाजी वाढा’ म्हटलं की तो पुढे सरकतो. संध्याकाळी घरी ताक आणि भाजी.

सावधान: पंगतीच्या दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करू नका. काटा एक किलो वर दिसेल; मीठ आणि पाण्याचं ते वजन तीन-चार दिवसांत उतरतं.

टप्पा ८: काटा अडकला तर

दोन आठवडे वजन हललं नाही म्हणून काही बदलू नका. बायकांना पाळीच्या आधी एक-दीड किलो पाणी साठू शकतं, म्हणून मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी तुलना करा. चार आठवडे वजन आणि कंबर दोन्ही तिथेच असतील तर या क्रमानं शोधा: तेलाची बाटली रविवारच्या आत संपते का, कूट पुन्हा अंदाजानं पडतोय का, रविवारी काय खाल्लं जातं, भाकरीचा आकार वाढला का. बहुतेक वेळा पहिल्या दोनांतच सापडतं. नाही सापडलं तर अर्धी भाकरी कमी करा किंवा चालणं १० मिनिटं वाढवा, दोन्ही एकदम नको. हलक्या झालेल्या शरीराला इंधनही कमी लागतं, त्यामुळे वेग मंदावणारच.

टप्पा ९: उतरलेलं टिकवणं

उद्दिष्ट गाठल्यावर ‘झालं एकदाचं’ म्हणून वही बंद करणाऱ्यांचं वजन बहुतेकदा पुन्हा चढतं. इथे खाणं थोडं वाढवायचं असतं, पण ते कुठून? अर्धी भाकरी वाढवा, एक फळ वाढवा. तेलाची बाटली आहे तेवढीच ठेवा.

आठवड्याचं वजन चालूच ठेवा आणि वहीत वरची सीमा लिहा: गाठलेलं वजन अधिक दोन किलो. काट्यानं ती ओलांडली की त्याच दिवशी टप्पा २ पासून तीन दिवसांची वही. पाच किलो वाढेपर्यंत वाट बघाल तर पुन्हा तीन महिने जातील.

वर्षात चार वेळा वजन चढतं: हुरडा, आंबा, लग्नसराई, दिवाळी. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याला गेलात तर हुरडा भाकरीच्या खात्यात टाका, सोबतची शेंगदाणा चटणी, गूळ आणि रेवड्या मोजून घ्या, आणि वरून पिठलं-भाकरीचं जेवण त्या दिवशी नको. आंबा फोड करून खा. रसात साखर आणि तूप पडतं आणि दोनच्या जागी चार आंबे कधी संपले ते कळत नाही.

वजन वाढवायचं असेल तर

बीएमआय १८.५ च्या खाली असणारी माणसंही आपल्याकडे कमी नाहीत. आधी टीबी, साखर, थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि जंत यांची तपासणी. त्यात काही निघालं नाही तर वर ज्या गोष्टी कमी करायला सांगितल्या त्याच तुमच्या कामाच्या: वरणावर तुपाचे दोन चमचे, रोज मूठ-दीड मूठ शेंगदाणे, दाणे-गुळाचा लाडू, दूध, केळी, अंडी. दिवसाला ३०० ते ५०० कॅलरी वाढतील असं बघा. दोन जेवणांऐवजी पाच वेळा थोडं थोडं खा आणि जेवणाच्या आधी पोटभर पाणी किंवा चहा पिऊ नका, भूक मरते. टप्पा ६ मधला ताकदीचा व्यायाम तुम्हालाही लागू. तो नसेल तर वाढलेल्यातलं बरंचसं चरबी म्हणून जमतं.

हातपाय काड्यांसारखे, बीएमआय २२ आणि कंबर ९० च्या पुढे असेल तर वजन वाढवूही नका, घटवूही नका. तेल आणि साखर कमी, प्रथिनं जास्त, ताकदीचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, आणि साखरेची तपासणी करून घ्या.

सावधान: ‘महिन्यात दहा किलो वाढवतो’ म्हणून दिल्या जाणाऱ्या पावडरींत आणि इंजेक्शनांत स्टेरॉईड असू शकतं. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. आधीच घेत असाल तर परस्पर थांबवू नका, डबी घेऊन डॉक्टरांकडे जा.

वाढवण्याचा वेग आठवड्याला पाव ते अर्धा किलो धरा. दोन महिने नीट खाऊनही काटा हलला नाही तर वही घेऊन पुन्हा दवाखान्यात दाखवा. कोणत्या वेळी किती खाल्लं हे लिहिलेलं असेल तर डॉक्टरांचं काम निम्मं होतं.